तंजावरचे श्वार्ट्झ : युद्धात पोरक्या झालेल्या मुलांचे पालक

बंगळूर शहरात कृष्णराजेंद्र बाजाराजवळ जुन्या किल्ल्याचा थोडासा भाग अद्याप उभा आहे. सन १७९१ च्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस कॉर्नवॉलिसच्या फौजेने ज्या जागी तट फोडून आत प्रवेश केला, त्या जागी तसा उल्लेख असलेली पाटी बसवलेली आहे. १७६७ ते १७९९ या बत्तीस वर्षांत म्हैसूर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात चार युद्धे झाली. हैदरअली, टिपू सुलतान, निजाम, मराठे व इंग्रज या सर्वांच्या फौजा या मुलखातून आल्या आणि गेल्या. सेनापतींची नावे इतिहासात राहिली, तटांवर पाट्या बसल्या. परंतु ज्या गावांचे बैल तोफा ओढण्यासाठी नेले, ज्यांची शेते जाळली, कालवे फोडले, त्या गावांतील मुलांचे काय झाले, याची नोंद शोधू गेल्यास फारच थोडी हाती लागते. जी थोडी मिळते तिच्यात एका जर्मन मिशनऱ्याचे नाव वारंवार येते. रेव्हरंड ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचे ते नाव होय.

मराठी वाचकांना या गृहस्थांविषयी जिव्हाळा वाटावा असे आणखी एक कारण आहे. १६३८ नंतर बंगळूर ही शहाजीराजे भोसले यांची जहागीर झाली. पुढे ती त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांच्याकडे आली. याच बंगळूरहून निघून व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले व तेथे मराठी राज्य स्थापिले. बंगळूर १६८७ साली म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांच्या हाती गेले, परंतु कावेरीच्या खोऱ्यातील ते मराठी राजघराणे १८५५ पर्यंत टिकले. दरबारचे दप्तर मोडीत, राजाचे बोलणे मराठीत आणि प्रजेचे बहुतांशी तमिळमध्ये, अशा त्या नगरीत श्वार्ट्झ यांनी आपल्या आयुष्याची अखेरची वीस वर्षे वेचली.

त्यांचा जन्म १७२६ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रांडेनबुर्ग प्रांतातील झोनेनबुर्ग या लहान गावी झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. आई त्यांच्या बालपणीच प्रभूकडे गेली. मरणसमयी तिने मुलाला देवाच्या सेवेसाठी समर्पित केले होते आणि ही गोष्ट पतीला व पाळकांना सांगून ठेवली होती. पुढे ते हाले येथील विद्यापीठात शिकू लागले. हाले म्हणजे औगुस्त हेर्मान फ्रांके यांचे गाव. फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या शेवटी तेथे अनाथालय सुरू केले होते. त्याभोवती शाळा, छापखाना व औषधालय उभे राहिले होते. अनाथ मुलाला अन्न द्यावयाचे ते अक्षरासकट द्यावयाचे, आणि हे काम वर्गणीवर व पै-पैशाच्या चोख हिशेबावर चालवावयाचे, ही त्या संस्थेची रीत होती. तरुण श्वार्ट्झ यांच्या डोळ्यांसमोर ती सदैव होती. तेथेच, हिंदुस्थानातून परतलेले मिशनरी बेंजामिन शुल्झ यांच्या तमिळ पवित्र शास्त्राच्या छपाईस हातभार लागावा म्हणून ते तमिळ शिकू लागले. छपाईचे ते काम पुढे रेंगाळले, परंतु भाषा मात्र त्यांच्याजवळ राहिली. भाषांतराच्या कामात असे पुष्कळदा घडते. ज्या पुस्तकासाठी माणूस भाषा शिकतो ते पुस्तक बाजूस राहते आणि देव त्या भाषेचा उपयोग दुसरीकडेच करतो.

कोपनहेगन येथे दीक्षा घेऊन १७५० च्या जुलैअखेर ते तरंगंबाडी येथे डॅनिश मिशनमध्ये दाखल झाले आणि चारच महिन्यांत झीगेनबाल्ग यांच्या चर्चमध्ये त्यांनी तमिळमधून उपदेश केला. तरंगंबाडीची बारा वर्षे शिकविण्यात, गावोगाव पायी फिरण्यात व तमिळ धर्मग्रंथांच्या वाचनात गेली. ज्या लोकांना सुवार्ता सांगावयाची त्यांचे ग्रंथ आधी वाचावेत, असा त्यांचा नियम होता.

१७६२ पासून त्यांचे तिरुचिरापल्लीस जाणे-येणे वाढले आणि तेथेच युद्धातील अनाथांचे काम प्रथम त्यांच्या अंगावर आले. किल्ल्यातील दारूगोळ्याच्या कोठारात भयंकर स्फोट होऊन अनेक शिपाई मृत्युमुखी पडले. त्यांची मुले छावणीत भटकू लागली. श्वार्ट्झ यांनी पलटणीतील अधिकाऱ्यांकडून व शिपायांकडून वर्गणी गोळा केली आणि त्या मुलांसाठी शाळा व वसतिस्थान उभे केले. मदुरेच्या वेढ्यात त्यांनी जखमी शिपायांची शुश्रूषा केली. त्या सेवेबद्दल मिळालेली देणगीही याच कामात गेली. पुढे कंपनीने त्यांना पलटणीचे पाळक म्हणून वर्षाला १०० पौंड वेतन देऊ केले. त्यांपैकी निम्मे ते मिशनच्या कामास देत असत. स्वतः एका जुन्या इमारतीतील लहानशा खोलीत राहत. तीत ते व त्यांचे अंथरूण एवढेच मावत असे. काळ्या रंगविलेल्या जाड्याभरड्या सुती कापडाचा पोशाख, भात व भाजी हे जेवण. त्यांनी लग्न केले नाही. त्यांच्या सहकारी मिशनऱ्याचा मुलगा योहान कास्पार कोलहोफ त्यांच्याजवळ लहानाचा मोठा झाला आणि १७८७ साली दीक्षा घेऊन त्यांच्याच कामात आला. तिरुनेलवेलीकडील वेदनायकम् हा बारा वर्षांचा मुलगाही त्यांनी आपल्याजवळ आणला. पुढे तो तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम् शास्त्री म्हणून विख्यात झाला.

त्यांच्या साधेपणाची वर्णने चरित्रकारांनी भक्तिभावाने लिहिली आहेत. माझ्या मते त्या साधेपणाला एक व्यावहारिक बाजूही होती. हा माणूस स्वतःसाठी काही घेत नाही, ही गोष्ट कावेरीकाठच्या शेतकऱ्यापासून श्रीरंगपट्टणच्या नबाबापर्यंत सर्वांना ठाऊक झाली होती. दुष्काळात हजारो जिवांना अन्न मिळाले ते या एका प्रतिष्ठेच्या बळावर. ते कसे, हे पुढे येईलच.

तंजावरचे राजे तुळजाजी यांची व श्वार्ट्झ यांची भेट १७६९ साली झाली. राजाला हा पाद्री आवडला. त्याच्याशी मध्यस्थावाचून बोलता यावे म्हणून श्वार्ट्झ मराठी शिकले. इतकेच करून ते थांबले नाहीत, तर ख्रिस्ती धर्माविषयी आपण तमिळमध्ये लिहिलेला एक संवाद त्यांनी मराठीत उतरविला. विल्यम केरी यांचा मराठी नवा करार श्रीरामपूरला छापून निघाला तो १८११ साली. त्याच्या कितीतरी आधी, महाराष्ट्रापासून इतक्या दूर, एक जर्मन पाळक मराठी राजासाठी मराठी गद्य लिहीत होता, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतून क्वचितच सांगितली जाते. पाळेयमकोट्टै येथे १७७८ साली त्यांनी क्लॅरिंदा या नावाने ज्या स्त्रीचा बाप्तिस्मा केला, तीही तंजावरकडील मराठी ब्राह्मण विधवा होती. तिने तेथे चर्च बांधले आणि तिरुनेलवेलीच्या मंडळीचा पाया घातला.

१७७३ साली अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेकरवी तंजावर घेऊन तुळजाजींना कैदेत टाकले. १७७६ मध्ये त्यांना गादी परत मिळाली, पण तोवर मुलूख लुटला गेला होता. १७७८ साली श्वार्ट्झ कायमचे तंजावरला राहावयास आले.

पुढच्याच वर्षी मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस रम्बोल्ड यांचे गुप्त बोलावणे आले. हैदरअली युद्धाची तयारी करीत आहे, तेव्हा श्रीरंगपट्टणला जाऊन त्याचा मनोदय जाणून घ्यावा व कंपनीला शांतता हवी आहे असे त्यास सांगावे, अशी ती कामगिरी होती. श्वार्ट्झ यांना फारशी हिंदुस्थानी येत असे, दुभाष्याची गरज नव्हती आणि त्यांना लाच देता येत नव्हती. त्यांनी पुष्कळ विचार केला. राजकारण हा पाळकाचा प्रांत नव्हे हे त्यांना कळत होते. परंतु युद्ध टळल्यास केवढा अनर्थ टळेल हेही त्यांनी पाहिले होते. प्रवासखर्चाखेरीज काही घेणार नाही असे सांगून १७७९ च्या जुलैत ते निघाले. करूरला म्हैसूरच्या सरहद्दीवर परवानगीसाठी त्यांना सुमारे महिनाभर थांबावे लागले. मग घाट चढून ऑगस्टअखेर ते श्रीरंगपट्टणला पोचले.

या प्रवासाची त्यांची टिपणे उपलब्ध आहेत आणि ती मोठी प्रांजळ आहेत. हैदरचे रस्ते, कामाचा झपाटा, लिहिता-वाचता येत नसूनही दांडगी असलेली स्मरणशक्ती या सर्वांचे ते कौतुक करतात. त्याचा कारभार चाबकाच्या धाकाने चालतो आणि मोठमोठ्या अंमलदारांनाही फटके खावे लागतात, हेही लपवीत नाहीत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांतील एक नोंद फार महत्त्वाची आहे. तटाच्या कामावर माती वाहणारी पुष्कळ मुले त्यांना दिसली. चौकशी करता समजले की ती अनाथ मुलांची पलटण आहे. आपल्या राज्यातील कोणतेही अनाथ मूल हैदर वाऱ्यावर सोडीत नसे. त्यांना तो अन्नवस्त्र देई आणि लहान लहान लाकडी बंदुका देऊन त्यांच्याकडून कवायत करवून घेई.

येथे शत्रूच्या गोटातून आलेल्या एखाद्या पाद्र्याने हळहळून तोंड फिरविले असते तर नवल नव्हते. श्वार्ट्झ यांनी तसे केले नाही. अनाथांची ही काळजी पाहून आपल्याला आनंद झाला असे त्यांनी लिहून ठेवले. आपल्या सरकारनेही हा कित्ता गिरवावा आणि त्यात धर्मशिक्षणाची भर घालून तो सुधारावा, अशी इच्छाही नोंदविली. पोट भरले जात आहे हे त्यांनी आधी पाहिले, बंदूक नंतर पाहिली. दोन्ही पाहिली हे विशेष. युद्ध मुलाचे आईबाप हिरावून नेते आणि मग तेच युद्ध त्याला पोटाशी धरते, हे आजही अनेक देशांत चालले आहे. उपाशी मुलाला शस्त्र देणारा हा बहुधा त्याला जेवू घालणारा पहिला माणूस असतो. त्याच्यापूर्वी जो तेथे पोचत नाही, त्याच्या निषेधाला त्या मुलाच्या लेखी काय किंमत असणार?

हैदरने त्यांना आदराने वागविले, संगमरवरी खांबांच्या दिवाणखान्यात आपल्याजवळ बसविले, आणि त्याच्या चाकरीत असलेल्या जर्मन शिपायांसाठी उपासना घेण्यास हरकत घेतली नाही. इंग्रजांनी तह मोडले हे मात्र त्याने स्पष्ट सांगितले. ते खोटे नव्हते. निघताना त्याने वाटखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. नाकारणे म्हणजे अपमान, म्हणून श्वार्ट्झ यांनी ती घेतली आणि मद्रासला जाताच सरकारपुढे ठेवली. सरकारने ती परत त्यांनाच देऊ केली, तेव्हा त्यांनी तीतून तंजावरला अनाथ मुलांसाठी इंग्रजी शाळेचा निधी सुरू करण्याची परवानगी मागितली. अशा रीतीने तंजावरच्या अनाथशाळेची पहिली वर्गणी हैदरअलीची आहे!

तह काही झाला नाही. १७८० च्या जुलैत हैदरची प्रचंड फौज घाट उतरून कर्नाटकात आली. तंजावरचे कालवे व बंधारे फुटले, पेरणी झाली नाही, गुरे नेली गेली, माणसे आणि मुलेही धरून नेली गेली. उरलेले लोक किल्ल्याच्या आश्रयास आले. सकाळी रस्त्यावर प्रेते पडलेली दिसू लागली. युद्धाचा रंग ओळखून श्वार्ट्झ यांनी धान्य स्वस्त होते तेव्हाच बारा हजार मापे तांदूळ विकत घेऊन ठेवला होता. त्यातून वर्षाहून अधिक काळ त्यांनी आपल्या शाळेतील मुलांना, मंडळीतील गरिबांना व दारी येणाऱ्या कोणासही अन्न दिले. धर्म विचारण्याची रीत त्यांच्या दारी नव्हती.

पण खुद्द किल्ल्याचे धान्य संपत आले तेव्हा खरा पेच पडला. बाहेर, खेड्यांतून, भात होते. ते आणावयास बैल हवेत, आणि बैल कोणी देईना. कारण उघड होते. राजाच्या कारभाऱ्यांनी व कंपनीच्या लोकांनी पूर्वी बैल नेले होते ते भाडे न देता, धान्य उचलले होते ते दाम न देता. राजाने आज्ञा केली, लोक हलले नाहीत. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दरडावले, तरीही नाहीत. शेवटी राजाने श्वार्ट्झ यांना गळ घातली आणि पैसे चुकते करण्याचा अधिकार त्यांच्या हाती दिला. त्यांनी आपल्या मंडळीतील एकाला पत्रे देऊन खेड्यांत पाठविले. प्रत्येक बैलाचे भाडे व प्रत्येक मापाचे मोल मी स्वतः देईन, एवढाच मजकूर. एकदोन दिवसांत हजार बैल आले. त्यांच्या पाठीवरून थोड्याच दिवसांत ८०,००० कलम भात किल्ल्यात येऊन पडले. कलम हे तेथील धान्याचे माप. आलेल्या प्रत्येक माणसाचे पैसे श्वार्ट्झ यांनी समक्ष बसून दिले, थोडी भेटही दिली आणि त्यांना घरी जाऊ दिले. पुढच्या खेपेस बोलवावे लागले तेव्हा आढेवेढे कोणी घेतले नाहीत.

मदतकार्याच्या इतिहासात हा प्रसंग मोठ्या अक्षरांत लिहिण्यासारखा आहे. धान्य होते, पैसा होता, सत्ताही होती, आणि तरी मुले मरत होती, कारण कोणाच्या शब्दावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. तोच एका माणसापाशी शिल्लक होता. हैदरनेही आपल्या सरदारांना हुकूम दिला होता की या पाद्र्याला कोठेही जाऊ द्यावे, त्याच्या वाटेस कोणी जाऊ नये. त्यामुळे दोन्ही फौजांच्या पहाऱ्यांतून ते जात-येत असत. १७८३ च्या अखेरीस टिपूशी तहाची बोलणी करण्यासाठी त्यांना पुन्हा बोलावले, पण सत्यमंगलम् येथे टिपूच्या लोकांनी त्यांना अडविले व परत पाठविले. तह पुढच्या वर्षी मंगळूरला झाला.

युद्ध संपल्यावरही प्रजेचे हाल संपले नाहीत. तुळजाजींच्या कारभाऱ्याच्या जुलमाने सुमारे ६५,००० शेतकरी राज्य सोडून गेले होते. त्यांना परत आणण्याचे कामही श्वार्ट्झ यांच्यावरच आले. त्यांच्या शब्दावर एका दिवसात ७,००० माणसे परतली आणि पेरणीचा हंगाम निघून चालला आहे हे पाहून रात्रंदिवस शेतात राबली.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक प्रकरणाकडे वळतो. तुळजाजींचा मुलगा, मुलगी, नातू सगळे निवर्तले होते. १७८७ च्या जानेवारीत, मरण जवळ आले असता, त्यांनी भोसले कुळातील सरफोजी या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ यांना बोलावून मुलाचा हात त्यांच्या हाती दिला. हा आता आपला मुलगा समजा, असा त्या विनवणीचा आशय होता. श्वार्ट्झ यांनी पालकत्व नाकारले. मी राजवाड्याबाहेर राहणारा, मुलाला महिन्यातून एकदोनदा भेटणार, मधल्या दिवसांत त्याच्या जिवाचे रक्षण कोण करणार, असे त्यांचे म्हणणे होते. राजाचा सावत्रभाऊ अमरसिंग याला कारभार व मुलाचा सांभाळ सोपवावा, असा सल्ला त्यांनी दिला.

तो सल्ला मुलाला महागात पडला. तुळजाजींच्या मृत्यूनंतर अमरसिंगाने स्वतःच गादीवर हक्क सांगितला. कंपनीने पंडितांची सभा भरविली. मुलगा आईबापांचा एकुलता, शिवाय वय अधिक, म्हणून दत्तक अशास्त्र, असे मत मिळविले आणि अमरसिंगाला राजा केले. सरफोजीला वाड्यात कोंडण्यात आले. खोलीत धड उजेड नाही, शिकवावयास पंतोजी नाही, बोलावयास सवंगडी नाही.

येथे थोडे शब्दाविषयी. जुन्या करारात विधवा आणि परदेशी यांच्याबरोबर ज्याचे नाव वारंवार येते, त्याच्यासाठी इब्री भाषेत जो शब्द आहे त्याचा मुख्य अर्थ ‘बाप नसलेला’ असा आहे. आई जिवंत असली तरी तो शब्द त्याला लागतो. नगराच्या वेशीत न्यायनिवाडा चालत असता ज्याची बाजू मांडावयास कोणी नाही, तो. मराठी पवित्र शास्त्रात आपण बहुतेक ठिकाणी ‘अनाथ’ म्हणतो, आणि नाथ नसलेला हा त्याचा अर्थ मूळच्या फार जवळ जातो. अन्न आणि दाई असूनही राजवाड्यातला सरफोजी या अर्थाने पुरता अनाथ होता.

श्वार्ट्झ वेशीत उभे राहिले. त्यांनी मद्रास सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली, समक्ष जाऊन मुलाची स्थिती पाहिली आणि कळविली. तेव्हा मुलाच्या रक्षणार्थ शिपायांचा पहारा नेमण्यात आला व शिक्षणाची सोय झाली. तरीही छळ थांबेना, म्हणून १७९३ च्या आरंभी सरफोजी व तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. सदुसष्टीच्या उंबरठ्यावर असलेले श्वार्ट्झ त्यांच्यासोबत गेले. तेथे त्यांचे सहकारी गेरिके यांनी मुलाला शिकविले. दुसरीकडे दत्तकविधानाचा प्रश्न श्वार्ट्झ यांनी पुन्हा उकरून काढला. पूर्वीच्या पंडितसभेचे मत दडपणाखाली दिले गेले होते, असे पुराव्यानिशी दाखविले. बंगाल व काशी येथील पंडितांनी दत्तक सशास्त्र ठरविले. हिंदू धर्मशास्त्राच्या आधारे हिंदू मुलाचा हक्क शाबीत करण्यासाठी एक ख्रिस्ती पाळक आपली शेवटची वर्षे खर्ची घालतो, हे दृश्य ज्यांना चमत्कारिक वाटेल त्यांनी यशयाचा पहिला अध्याय पुन्हा वाचावा.

त्याच सुमारास मद्रासमध्ये आणखी दोन राजपुत्र होते. १७९२ च्या तहात टिपूने आपली आठ-दहा वर्षांची दोन मुले कॉर्नवॉलिसच्या हवाली केली होती. दंडाची रक्कम फिटेपर्यंत ती ओलीस राहिली. त्यांच्या हवाली होण्याची चित्रे इंग्लंडात मोठ्या हौसेने विकली गेली. १७९४ साली बंगळूरजवळ देवनहळ्ळी येथे ती बापाकडे परत पोचविण्यात आली. त्यांना चांगले वागविले गेले हे खरे. तरीही तहाचे तारण म्हणून ठेवलेले मूल आणि न्यायासाठी आश्रयास आणलेले मूल, अशी दोन्ही प्रकारची मुले एकाच शहरात, एकाच कंपनीच्या पंखाखाली होती, आणि कंपनीच्या दप्तरात दोघांच्याही खर्चाची नोंद सारखीच होत असणार.

श्वार्ट्झ यांच्यावर आक्षेप घेण्यात आले आहेत आणि ते सगळेच टाकाऊ नाहीत. चर्चमध्ये जातीजातींनी वेगळे बसण्याची चाल त्यांनी मोडली नाही. हळूहळू जाईल असे ते समजत होते, आणि ती गेली नाही. तमिळ मंडळ्यांनी पुढे त्यासाठी फार सोसले. कंपनीशी असलेल्या त्यांच्या संबंधांचा लाभ कंपनीने उठविला हेही मान्य केले पाहिजे. १७९८ च्या जून महिन्यात सरफोजी गादीवर बसले, आणि १७९९ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने तहावर सही घेऊन त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला व तनखा एवढेच ठेवले. मुलाला न्याय मिळाला आणि राज्य कंपनीस मिळाले. श्वार्ट्झ यांना हे पाहावे लागले नाही, आणि पाहिले असते तर त्यांनी काय लिहिले असते याचा तर्क मी करणार नाही. मात्र सरफोजींना त्यांनी ख्रिस्ती केले नाही, तसा दबावही आणला नाही, ही गोष्ट टीकाकारांनीही ध्यानात घ्यावी. ख्रिस्ताची ओळख त्यांनी त्या मुलाला करून दिली, निर्णय त्याचा त्याच्यावर सोपविला. तंजावर, रामनाथपुरम् व शिवगंगा येथे त्यांच्या प्रयत्नाने इंग्रजी शाळा निघाल्या, तेव्हाही मुलांना फसवून धर्मात ओढू नये अशी अट त्यांनी स्वतःच मान्य केली होती.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे श्वार्ट्झ प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. शेवटच्या दिवसांत त्यांनी सरफोजींना जवळ बोलावून आशीर्वाद दिला होता. अंत्यविधीच्या दिवशी सरफोजी आले, शवपेटीजवळ उभे राहून रडले आणि देहावर त्यांनी भरजरी वस्त्र पांघरले. राजाने परधर्मीयाच्या प्रेतयात्रेस जाणे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बाहेर गरीब स्त्रीपुरुषांचा व मुलांचा आक्रोश इतका वाढला की ठरलेले गीत गाता येईना. मृत्युपत्राने श्वार्ट्झ यांचे सर्व काही मिशनच्या कामाकडे गेले.

सरफोजींनी इंग्लंडातील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांचा हात राजाने धरला आहे आणि पलंगाजवळ शाळेतील मुले उभी आहेत. समाधीच्या शिळेवर कोरलेली इंग्रजी कविता राजाने स्वतः रचली. कंपनीनेही मद्रासच्या सेंट मेरीज चर्चमध्ये स्मारक उभारले, त्यातही मुलेच आहेत. त्यानंतर सरफोजींनी कण्णंदंगुडी येथे ख्रिस्ती गोरगरीब मुलांच्या अन्नाची व शिक्षणाची व्यवस्था लावून दिली आणि तिचा खर्च दरबारातून दिला. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला व त्यावर मराठी पुस्तके छापली. त्यांतील एकाचे नाव ‘बालबोध मुक्तावली’. ते इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर आहे.